मेनूत नोंद घाला, पत्ता चिकटवू नका

वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीतल्या मेनूबद्दल सतत तीच शंका येते: पेज, कॅटेगरी (लेखांचा गट), पोस्ट आणि बाहेरची लिंक एकाच ड्रॉपडाउनमध्ये, म्हणजे मुख्य नोंदीखाली उघडणाऱ्या यादीत, कशी बसवायची? या वेळी अशी काही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: आमच्या वाचनालयाची साइट करून देणारे म्हणतात, पेज आणि कॅटेगरी एका मेनूत येत नाहीत, दोन पट्ट्या ठेवाव्या लागतात. खरं का?

नाही. जून २०१० मध्ये वर्डप्रेस ३.० आलं, तेव्हापासून दोन्ही एकत्र येतात. त्याआधी बहुतेक थीम (साइटचं रूप ठरवणारे साचे) पेजेसची यादी वेगळी आणि कॅटेगरींची वेगळी मागवायच्या, म्हणून दोन पट्ट्या दिसत. ती जुनी गोष्ट अजून नियम म्हणून सांगितली जाते, याचा मला राग येतो. 'अपिअरन्स'मधल्या 'मेनूज'मध्ये जा. डावीकडे हव्या त्या नोंदींवर टिक करून 'ॲड टू मेनू' दाबा. मग उजवीकडच्या यादीत 'पुस्तक परिचय' ही कॅटेगरी 'वाचनालय' या पेजच्या खाली आणून थोडी आत सरकवा. झाला ड्रॉपडाउन. तरीही तो साइटवर दिसत नसेल, तर थीमने त्या जागी एकच पातळी ठेवली असेल. ते काम थीम जाणणाऱ्याकडूनच करून घ्या.

प्रश्न: डावीकडे 'टॅग्ज' दिसतच नाहीत.

वर कोपऱ्यात 'स्क्रीन ऑप्शन्स' आहे. उघडा, खूण करा.

प्रश्न: 'लेख'खाली कॅटेगरी घातली, पण नवे लेख ड्रॉपडाउनमध्ये आपोआप येत नाहीत.

येणारही नाहीत. मेनूतली कॅटेगरी म्हणजे त्या कॅटेगरीच्या पानाचा दुवा. त्यावर टिचकी मारली की नवे लेख तिथे दिसतात, आणि वाचकाला तेवढं पुरतं. मेनूतच ताजे लेख हवे असतील तर वेगळा कोड किंवा प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची जादा सोय) लागेल. आधी जाणकाराला विचारा, साइट मंदावणार असेल तर नकोच.

प्रश्न: मी सगळ्या लिंक ब्राउझरमधून कॉपी करून 'कस्टम लिंक्स'मध्ये टाकल्या आहेत. सगळं नीट चालतं. आता डोमेन, म्हणजे साइटचा मुख्य पत्ता, बदलायचं आहे. काही अडचण?

अडचण आहे, आणि याच एका चुकीबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

'पेजेस' किंवा 'कॅटेगरीज'मधून घातलेली नोंद पत्ता धरून ठेवत नाही, ती त्या मजकुराच्या क्रमांकाला बांधलेली असते. तुम्ही पेजचा स्लग (पत्त्यातला त्या पेजच्या नावाचा भाग) बदलला, पर्मालिंकची (पानांच्या कायमच्या पत्त्यांची) रचना बदलली, तरी पत्ता नव्याने तयार होतो आणि मेनू बरोबर जागी नेतो. पेज कायमचं डिलीट केलं तर त्याची नोंदही मेनूतून जाते. कस्टम लिंक मात्र फक्त अक्षरं जपते. डोमेन बदलल्यावर ती जुन्या डोमेनकडेच बोट दाखवत राहते.

एका संस्थेची साइट मी पाहिली होती. घरच्या पानावरून 'उपक्रम' उघडला, त्याखालच्या 'शिष्यवृत्ती'वर टिचकी मारली आणि भलत्याच जाहिरातींचं पान उघडलं. जुन्या डोमेनचं नूतनीकरण झालं नव्हतं, ते दुसऱ्या कोणी घेतलं होतं. शिष्यवृत्तीचा अर्ज शोधणारी मुलं त्या पानावर जात होती. हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

म्हणून डोमेन बदलायच्या आधी एकेक कस्टम लिंक तपासा. साइटच्याच पानाकडे जाणारी असेल तर ती काढून खरी पेज किंवा कॅटेगरी घाला. कस्टम लिंक फक्त बाहेरच्या साइटसाठी ठेवा. 'नंतर बघू' म्हणू नका. डेटाबेसमध्ये पत्ते एकदम बदलणारी साधनं आहेत, पण बॅकअप न घेता आणि अनुभवी माणसाशिवाय ती चालवू नका, चुकीच्या पद्धतीने बदललं तर थीमची आणि प्लगइनची मांडणीही बिघडू शकते. जुनं डोमेन लगेच सोडू नका. तिथून नव्या पत्त्यावर कायमचं रिडायरेक्ट लावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्यावर जाईल. ते कसं लावायचं, हे होस्टिंगवाल्यांना विचारा.

प्रश्न: ड्रॉपडाउनच्या वरच्या नोंदीला पत्ता म्हणून '#' दिला आहे. मोबाइलवर ते नुसतं वर उडतं.

'#' म्हणजे याच पानाचा माथा, म्हणून तसं होतं. त्याऐवजी 'उपक्रम' नावाचं छोटं पेज करा, त्यात खालच्या सगळ्या नोंदी दुव्यांसह द्या आणि तेच पेज वर ठेवा. मोबाइलवर माउस नेऊन उघडण्याची सोय नसते, तेव्हा शेजारी बाण असलेलं वेगळं बटण हवं. कीबोर्डची टॅब कळ दाबत ते उघडतं का, हेही पाहा. जे माउस वापरू शकत नाहीत त्यांना त्याशिवाय आत जाताच येत नाही. थीममध्ये बटण नसेल तर थीम बनवणाऱ्याशी बोला.

प्रश्न: सहा पेजेस आणि तीन कॅटेगरी आहेत. डेव्हलपर 'मेगा मेनू'चं (अनेक रकान्यांच्या मोठ्या ड्रॉपडाउनचं) वार्षिक पॅकेज घ्या म्हणतो.

नऊ नोंदींना ते लागत नाही. फुकट मिळणारी गोष्ट दरवर्षी विकली जाते आहे. कशासाठी लागतं ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि दुसऱ्या कोणाला दाखवा.

प्रश्न: थीम बदलली आणि मेनू नाहीसा झाला!

गेलेला नाही, डेटाबेसमध्ये आहे. नव्या थीममध्ये त्याची जागा ठरवायची राहिली आहे. 'मेनूज'मध्ये 'मॅनेज लोकेशन्स' उघडून निवडा. 'मेनूज'च दिसत नसेल तर तुमची थीम बहुधा ब्लॉक थीम आहे, म्हणजे सगळी साइट ब्लॉक नावाच्या तुकड्यांनी मांडणारी. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.९ पासून या थीमना वर्डप्रेसमध्येच पूर्ण आधार आहे. त्यात 'एडिटर'मधल्या नॅव्हिगेशन ब्लॉकमध्ये जुना मेनू निवडता येतो. घाबरून नव्याने सगळं टाइप करू नका. जमलं नाही तर आज बॅकअप घ्या आणि उद्या जाणकाराला बसवा.