मेडिकल कॉलेजात शिकवणारे डॉक्टर नोकरीवर खरंच समाधानी असतात का?

तुम्ही विचारलंय की पीजी झाल्यावर शिकवायला जायचं मनात आहे, पण प्रॅक्टिसपेक्षा पैसे कमी, तर ही शिक्षकमंडळी समाधानी असतात का. मी मेडिसिन शिकवतो. बरेच जण समाधानी असतात, पण कोण आहे आणि कोण नाही हे पगाराच्या आकड्यावरून ओळखता येत नाही.

पगाराला महत्त्व नाही असं मुळीच म्हणत नाही. घरखर्चाची ओढाताण असेल तर ध्येयवाद फार दिवस टिकत नाही. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून जे मांडलं, ते मला आमच्याकडे रोज दिसतं. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक बिघडली की माणूस वैतागतो. ती सुधारली म्हणून खूश होतोच असं नाही. समाधान येतं ते कामातून.

कसं ते सांगतो. प्लीहा (पोटात डावीकडे बरगड्यांआड असणारा अवयव) तपासायला सांगितली की विद्यार्थी हमखास थेट डाव्या बरगड्यांखाली हात घालतात. प्लीहा खूप वाढलेली असेल तर तिची कड पार खाली उतरलेली असते, त्यामुळे ती हाताला लागतच नाही. मग मी त्यांना पोटाच्या उजव्या बाजूला, अगदी खालून सुरुवात करायला लावतो. पेशंटने श्वास घेतला की बोटं स्थिर, सोडला की थोडं तिरपं वर सरकायचं. असं करता करता एका श्वासाला ती कड बोटांवर येऊन टेकते आणि विद्यार्थ्याचा चेहरा खुलतो. त्या क्षणाची सर मला दुसऱ्या कशालाच नाही.

अडचण अशी की यासाठी वेळच उरत नाही. ओपीडी, इमर्जन्सी, समित्यांची कागदपत्रं, परीक्षांची कामं, वर बढतीसाठी शोधनिबंध. निबंध मोजायला सोपे, चांगलं शिकवणं मोजायला अवघड. म्हणून बढतीच्या वेळी निबंधांनाच वजन येतं. मला हा सरळ अन्याय वाटतो, आणि बैठकीत मी तसं बोलतोही.

डॉक्टरांच्या थकव्यावर संशोधन करणारे अमेरिकन डॉक्टर टेट शानाफेल्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय केंद्रातल्या मेडिसिनच्या शिक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला सगळ्यात मोलाच्या वाटणाऱ्या कामाला ज्यांना २० टक्केसुद्धा वेळ मिळत नव्हता, त्यांच्यातले निम्म्याहून जास्त बर्नआउटच्या, म्हणजे कामाने मनातून पार थकून जाण्याच्या, निकषात बसत होते. ज्यांना तेवढा मिळत होता, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३० टक्के होतं. म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात फक्त एक दिवस! तोही आपल्या आवडीच्या कामासाठी राखून ठेवायला संस्थांना जड जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

अॅनाटॉमी, फिजिऑलॉजीवाल्यांचं थोडं वेगळं असतं. पेशंट नसल्यामुळे शिकवायला वेळ जास्त मिळतो, पण बढती रखडली की दुसरी वाट फारशी नसते.

तेव्हा जॉइन होण्याआधी विभागप्रमुखांना भेटाच, पण तिथल्या सहायक प्राध्यापकांनाही गाठा. आठवड्यात बेडसाइड क्लिनिक, म्हणजे पेशंटच्या खाटेजवळ शिकवायचे तास, किती होतात, किती रद्द होतात, आणि क्लिनिक चालू असताना मधूनच दुसऱ्या कामाला बोलावतात का, हे त्यांना विचारा. शेवटच्या प्रश्नाला ‘नेहमीच’ असं उत्तर आलं, तर पगार कितीही चांगला असला तरी दुसरं कॉलेज बघा.