साडेचार लाखांचं पार्किंग, की गल्लीतली फुकटची जागा?

सदाशिव पेठेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. बिल्डिंग १९८४ची, पार्किंग नाही. २०१९ साली घेतलेली गाडी इतकी वर्षं गल्लीतच उभी असते. शेजारच्या सोसायटीतले एक काका मुलाकडे बंगळूरला कायमचे निघालेत. बिल्डिंगखालचं आपलं पार्किंग ते साडेचार लाखांना द्यायला तयार आहेत, 'पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून देतो' म्हणतात. नाहीतर महिना अडीच हजार भाडं. ताईंच्या मिस्टरांना भाडं म्हणजे पैसे पाण्यात वाटतं, त्यांना सहा लाखांच्या एफडीतून पैसे काढून जागा घेऊन टाकायची आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे गाडी विकायचा प्रश्नच नाही.

ताई, तुम्ही वर्षभराचा खर्च लिहून पाठवलात ते फार बरं केलंत. नो पार्किंगची दोन चलनं, पहिलं ५००चं आणि पुढचं १,५००चं. एकदा गाडी उचलून नेली त्याचे टोइंगचे वेगळे. कुणीतरी उडवलेला आरसा ३,२००, टेम्पोने घासलेला बंपर ६,५००. म्हणजे फुकटच्या पार्किंगला वर्षाला बारा हजारांच्या आसपास, महिन्याला हजार रुपये पडले.

बंपरचा क्लेम केला नाहीत म्हणून मिस्टर स्वतःला दोष देतायत, तो त्यांनी देऊ नये. तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १०,००० धरला तर तुम्ही ५,००० भरता. क्लेम केला असता तर पुढच्या वर्षी पूर्ण १०,०००, मग २० टक्के सूट मिळून ८,०००, मग ७,५००. तीन वर्षांत साडेदहा हजार जास्त गेले असते, साडेसहा हजार वाचवायला!

आता काकांच्या जागेचं. साडेचार लाखांवर साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाचे २९,२५० होतात. भाडं ३०,०००. आकडे इतके जवळजवळ आहेत की मिस्टरांचं म्हणणं पटावं. मुद्दल तर आपलंच राहतंय, नाही का?

नाही राहत. जे विकायचा काकांना अधिकारच नाही, ते तुम्ही विकत घेताय. बिल्डिंगखालच्या स्टिल्टमधलं, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या जागेतलं पार्किंग बिल्डरलासुद्धा वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलं. ती जागा सोसायटीची, सभासदाला ती फक्त वापरायला मिळते. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीतही, सभासदाला असं पार्किंग विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तुम्ही तर त्या सोसायटीच्या सभासदही नाही. काका फ्लॅट विकतील, नवा मालक खाली येऊन 'ही गाडी कुणाची?' विचारेल, आणि तुमच्या हातात तो पाचशेचा कागद असेल. काकांच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे पार्किंग सर्रास असंच 'विकलं' जातं, आणि वाद उभा राहीपर्यंत कुणी काही विचारत नाही.

भाड्याची जोखीम एका महिन्याची आहे. दरवर्षी दहा टक्के वाढ धरली तरी पाच वर्षांत १ लाख ८३ हजार जातील. दुसऱ्या बाजूला साडेचार लाख एका दिवसात बुडू शकतात. मात्र भाड्यालाही त्या सोसायटीची लेखी संमती लागेल, ती मिळत असेल तर घ्या. डिपॉझिट देऊ नका, अकरा महिन्यांचे एकदम तर मुळीच नको.

मग महिन्याला दीड हजार जास्त कशासाठी द्यायचे? रोज रात्री जागा शोधत मारलेल्या चकरा तुम्ही हिशेबात धरल्या नाहीत. सम-विषम तारखेप्रमाणे रस्त्याच्या एका बाजूवरून (पी-१) दुसऱ्या बाजूला (पी-२) गाडी हलवणंही धरलं नाही (३१ला लावलेली गाडी १ तारखेला तिथेच राहते, दोन्ही विषम, तेवढीच सुट्टी). गणपतीत गाडी दहा दिवस कोथरूडला नणंदेकडे नेऊन ठेवता, तेही नाही. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं आणि गाडी तीन गल्ल्या पलीकडे, हा प्रकार एकदा जरी घडला असेल तर दीड हजार मला जास्त वाटत नाहीत. गल्लीही कायम फुकट राहील असं धरू नका. रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण महापालिकेच्या मुख्य सभेने २०१८ मध्येच मंजूर केलंय, विरोधामुळे ते रेंगाळलं इतकंच. मंडईतली आर्यन, मिनर्व्हा किंवा नारायण पेठेतला हमालवाडा ही पार्किंगं बाजारहाटाला ठीक, रोजच्या मुक्कामाला नव्हेत.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, 'आमच्याही बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंटचं बोलणं चालू आहे.' माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. तुमचं हक्काचं पार्किंग तिथे आहे. एफडीला हात लावू नका, जास्तीचे चौरस फूट घ्यायचे झाले किंवा बांधकामाच्या काळात बाहेर राहायला बिल्डरकडून मिळणारं भाडं उशिरा आलं तर तेच पैसे उपयोगी पडतील. करारात नुसतं 'एक पार्किंग' असं मान्य करू नका. विक्रीच्या फ्लॅटसाठी पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची करारात द्यावी असं महारेराने, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामकाने, २०२४ मध्ये सांगितलंय. जुन्या सभासदांनीही तसंच मागावं. पेठांमधल्या लहान प्लॉटवर बहुतेक यांत्रिक पार्किंगच बसवतात. वर-खाली होणाऱ्या त्या पाळण्यात तुमची गाडी उंचीला बसते का, आणि लिफ्ट बिघडली तर दुरुस्ती कोण करणार, हे सही करण्याआधी विचारा.

काकांना नाही म्हणताना कायदा सांगत बसू नका. 'एवढे पैसे आत्ता निघत नाहीत, सोसायटी हो म्हणत असेल तर पुढच्या महिन्यापासून भाड्याने द्या' एवढं पुरे. भाडं मात्र ऑनलाइनच पाठवा, म्हणजे नोंद राहील.