फायबरच्या डेकखाली लाकूड निघालं तर झाकू नका

भाऊ, हतनूरच्या बॅकवॉटरला ठेवायची म्हणून मुंबईकडून आणलेल्या जुन्या शिडाच्या बोटीत डोलकाठीच्या बुडाशी काळा लगदा आणि बाकाखाली थर्माकोल निघाला, वरून फायबर मारून बंद करू का, असं विचारताय. अजिबात नको. माझी उघडली तेव्हा हेच निघालं होतं.

डेक म्हणजे बोटीचा वरचा पाट. तो हलका राहावा पण दबू नये म्हणून फायबरच्या दोन थरांत बाल्सा (एक हलकं लाकूड) नाहीतर प्लायवूड घालतात. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरतं आणि ते आतल्या आत कुजतं. नाण्याने ठोकत जा. बद्द वाजेल तेवढं सगळं काढा. भोकातून इपॉक्सी (हार्डनर कालवला की घट्ट होणारं रेझीन) सोडली की झालं, असं सांगणारे भेटतील. ओल्या लाकडाला ती नीट धरत नाही. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन मात्र फुकटचं ड्रायर आहे, मुंबईकरांना ते नाही.

कुलरच्या बॉड्या करणारे कारागीर फायबरचं काम चांगलं करतात, पण त्यांच्याकडचं पॉलिएस्टर रेझीन थर्माकोलला लागलं की थर्माकोल विरघळतो. तिथे इपॉक्सीच.

मला सगळ्यात महाग पडलं ते एक कार्यालय. नाव घेत नाही, अजून तिथं काम पडतं. अर्जात 'बोट कशाची' असा रकाना. मी लिहिलं, फायबर, आत लाकूड. साहेब म्हणाले, एकच लिहा. फायबर लिहिलं, तर पाहणीला आलेला माणूस उघड्या डेककडे बघून म्हणतो, हे तर लाकूड! जुळत नाही, काम थांबवा, पत्र येईल. देशांतर्गत पाण्यातल्या बोटींचा 1917 चा कायदा जाऊन 2021 चा आलेला, त्यात फाइल कोणत्या टेबलाची हेच त्यांचं ठरेना. पत्राआधी मृग आला. ताडपत्रीखाली वाळलेलं लाकूड पुन्हा भिजलं, नवा घातलेला बाल्साही उपसून टाकावा लागला. म्हणून माझं मत (नियम म्हणून घेऊ नका, तुमच्या तालुक्यात वेगळं असेल): फोटो काढून ठेवा, कुजलेलं काढून नवं घातलं की डेक बंद करा, मग अर्ज.

बुडाचं पातं (बोट आडवी सरकू नये म्हणून खाली पाण्यात असतं ते) लोखंडी असेल आणि रंगाखाली केशरी थर लागला, तर तो शिशाचा असू शकतो. सुका घासू नका. पाणी मारून, चांगला मास्क लावून, पोरांना लांब ठेवून. रेझीन पहाटेच कालवा, मे महिन्यात दुपारी मग्ग्यातच दगड होतो. पॉलिएस्टरला हार्डनर थोडा कमी चालतो, इपॉक्सीचं प्रमाण मात्र बदलायचं नाही, थोडी थोडी करा.