अतिसंकटग्रस्त हत्तींचं आयुष्य फोटोंतून नोंदवायचंय. सांगलीत राहून सुरुवात कशी करू?

आपला आशियाई हत्ती धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत (आययूसीएन) 'संकटग्रस्त' आहे. तुम्ही विचारताय तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणजे सुमात्राचा हत्ती (2011 पासून) आणि आफ्रिकेतला जंगल-हत्ती (2021 पासून). जंगल-हत्ती दाट झाडीत राहतो. विमानातून मोजता येत नाही, लिदीवरून अंदाज बांधतात.

मध्य आफ्रिकन प्रजासत्ताकात झांगा बाई ही जंगलातली मोकळी जागा आहे. मातीतल्या क्षारांसाठी हत्ती तिथे उतरतात. संशोधक अँड्रिया टर्कालो 1990 पासून तिथे वर्षानुवर्षं एकेक हत्ती ओळखून नोंदवत राहिल्या. त्यातूनच कळलं की मादीला पहिलं पिल्लू साधारण 23व्या वर्षी होतं आणि पुढचं पाच-सहा वर्षांनी. शिकारीत कळप गेला की भरून यायला पिढ्या का लागतात, ते इथे उमगतं. नुसत्या देखण्या फोटोंतून हे कधीच कळलं नसतं.

म्हणून माझं मत: सूर्यास्तातली सोंड विसरा, कान टिपा. डावा आणि उजवा, दोन्ही. कानाच्या कडेच्या चिरा, भोकं, मग सुळे, शेपटीचा गोंडा. सुमात्राच्या माद्यांना बाहेर दिसणारे सुळे बहुधा नसतातच, तिथे कानच कामाला येतो. सोबत कोण होतं, पिल्लू कोणाच्या मागे होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहा. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर ठेवा.

सराव सांगलीतच करा. कृष्णेच्या घाटावर म्हशी पाण्यात उतरतात, तिथे जा. (हसू नका!) चकाकत्या पाण्यापुढे काळं जनावर आलं की कॅमेरा फसतो, कातडीचा तपशील काळोखात जातो, एक्स्पोजर थोडं वाढवायला तिथेच शिकाल. पुढच्या आठवड्यात फोटो बघून कुठली म्हैस कुठली ते सांगता आलं पाहिजे. मालक लगेच चूक काढेल.

मग मार्च ते मे कर्नाटकातलं काबिनी. जलाशय आटतो, हत्ती काठावर गोळा होतात आणि सफारीतून कान नीट दिसतात. चांदोलीत गवे भेटतील, हत्तींचे कळप नाहीत. आजरा-चंदगड, दोडामार्गच्या हत्तींमागे कॅमेरा घेऊन धावू नका. तिथे शेतकरी आणि हत्ती दोघंही आधीच वैतागलेले असतात.

आणि फोटो टाकताना जीपीएस काढून टाका, जागेचं नावही ढोबळ ठेवा. सुळे दिसणारा फोटो शिकारीही बघतात.