बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाचं जगणं कितपत चांगलं चाललंय, हे मोजता येतं का?

येतं की, पण यूडीआयडी कार्डावरच्या, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्रावरच्या टक्क्यांवरून नाही. ते ५० टक्के, ७५ टक्के म्हणजे अपंगत्व किती याचं माप, माणूस कसा जगतोय याचं नाही, आमच्या परभणीकडं लोक हमखास गल्लत करतात.

रॉबर्ट शॅलॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची आठ अंगांची मांडणी यात बरीच वापरतात. तब्येत, पैसाअडका, शिकणं, मनाची खुशाली, नाती हे आपल्यालाही सुचतं, राहिलेली तीन म्हणजे स्वतःचं स्वतः ठरवणं, समाजात मिसळणं अन् हक्क, आपलं घोडं तिथंच अडतं. माझ्या मामाचं लेकरू, लेकरू कसलं, ३४ वर्षांचा बाप्या आहे, खाणंपिणं कपडालत्ता एकदम झकास, पण आज कोणता शर्ट घालायचा हे त्याला कधी कुणी विचारलंच नाही.

दुसरी गोम, विचारायचं कुणाला? आई तिच्या नजरेतून सांगणार, अन् त्यालाच "खुश आहेस ना?" विचारलं तर हो, "नाराज आहेस ना?" तरी हो. म्हणून हो-नाहीचे प्रश्न टाळा, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं दाखवा, तोच प्रश्न उलटा करून परत विचारा, अन् आठवडाभर नुसतं बघा, तो आपणहून कुणाकडं जातो, कशाला नको म्हणतो. मागं मी त्याच्यापुढं दोन शर्ट धरले तर गड्यानं पाच मिनिटं लावून लाल उचलला, मामी म्हणली ह्याला लाल आवडतो हे मलाच ठाऊक नव्हतं.