‘ओल्हा’ नव्हे, ‘ऑल्या’!

प्रश्न लिस्बनला मुलीकडे निघालेल्या एका आजींचा आहे. नातवाला खिडकीतून दिसणारं सगळं रोजच्या बोलीतल्या पोर्तुगीजमध्ये सांगायचंय. ‘मला मांजर दिसतंय’ला ‘एउ वेझु उं गातु’ चालेल का, आणि सगळे सारखं ‘ओल्हा, ओल्हा’ म्हणतात ते काय?

आधी ते ‘ओल्हा’. सगळे तसं म्हणत नाहीत हो, आपण तसं वाचतो! पोर्तुगीज लिपीत एल्-नंतर एच् आला की त्याचा ‘ह’शी काडीचा संबंध नसतो. ही जोडी त्यांनी मध्ययुगात दक्षिण फ्रान्समधल्या ऑक्सिटन भाषेच्या लेखनातून उचलली. उच्चार कोकणातल्या ‘मेल्या’मधल्या ‘ल्या’च्या जवळचा, जीभ टाळूला चिकटवून. जुन्या गोव्याला ‘वेल्हा गोवा’ म्हणणारे मला नेहमी भेटतात. अहो, वेल्हे पुणे जिल्ह्यात! ती ‘वेल्या’, म्हणजे म्हातारी.

‘ऑल्या’ म्हणजे ‘बघ’. एका जाणकार गृहस्थांनी मला ठणकावून सांगितलं होतं की ‘ओला’ हे अभिवादन याच ‘ऑल्या’वरून आलं. ‘ओला’त साधा ‘ल’ आहे आणि आघात शेवटी आहे, एवढं तरी कानाला कळायला हवं. असो.

खरी गंमत पुढे आहे. ‘ऑल्या’च्या पोटात डोळाच आहे, आणि डोळ्याला लॅटिनमध्ये ‘ऑकुलुस’. आपल्या ‘अक्षि’चा सख्खा भाऊबंद, ‘गवाक्षा’त बसलेला डोळा तोच. लोक घाईत ‘ऑक्लुस’ म्हणायला लागले. तेव्हा कुणा वैतागलेल्या पंतोजीने अशुद्ध शब्दांची 227 नोंदींची यादीच केली. तिला ‘अपेंडिक्स प्रोबी’ म्हणतात. ‘ऑकुलुस म्हणा, ऑक्लुस नको.’ ‘स्पेकुलुम म्हणा, स्पेक्लुम नको.’ ‘वेतुलुस म्हणा, वेक्लुस नको.’ आणि झालं काय? पोर्तुगालात त्या ‘क्ल’चा ‘ल्य’ झाला: डोळा ‘ओल्यु’, आरसा ‘श्पेल्यु’, म्हातारा ‘वेल्यु’. पंतोजीने खोडलेले नेमके तेच शब्द जगले! मला तर वाटतं, पोर्तुगीज शिकवणाऱ्याने व्याकरण बाजूला ठेवून पहिल्या दिवशी ही यादीच फळ्यावर लिहावी. ‘ऑल्या हा शब्द फार घरगुती, सभ्य माणसाने टाळावा’ असं सांगणारे शिक्षकही मी ऐकले आहेत. हॉटेलातल्या वेटरला अदबीने हाक मारताना ‘ऑल्य’ म्हणतात, हे आदरार्थी रूप त्यांच्या कानावर कधी पडलं नसावं.

हो, मांजर राहिलंच. ‘एउ वेझु’ चूक नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे तक्ता वाचल्यासारखं वाटतं. आपणही नातवाला ‘मला मांजर दिसत आहे’ म्हणत नाही, ‘ते बघ, मांजर!’ म्हणतो. लिस्बनमध्ये तेच ‘ऑल्या, श्ता आली उं गातु!’ ब्राझीलची माणसं ‘श्ता’ऐवजी ‘तें’ वापरतात, म्हणजे शब्दशः ‘तिथे मांजर बाळगतं’. तिकडचेच व्याकरणवाले त्यावर नाकं मुरडतात. त्यांनीही ती 227ची यादी वाचावी.

‘श्तो आ वेर’ मात्र जपून. शब्दशः ‘मी बघतोय’, पण लिस्बनकर ते ‘अच्छा, आलं लक्षात’ अशा अर्थानेही म्हणतात. यात नवल नाही; ‘वेर’ आलं लॅटिन ‘विदेरे’वरून, म्हणजे पाहणे, आणि त्याच धातूचं आपल्याकडचं रूप ‘विद्’, म्हणजे जाणणे. त्यांनी डोळे ठेवले, आपण वेद केले.

आणि मांजराने दुधाचं पातेलं लवंडलं, तर ‘ऑल्या-म ईश्तु!’ म्हणा. त्यातल्या ‘म’चा अर्थ ‘मला’, पण इथे तो नुसता वैतागाचा आहे.