वाचकांचे प्रश्न : पोल्किंगहॉर्न यांचे विज्ञान आणि ईश्वरशास्त्र

प्रश्न : मी इंदूरच्या कॅटमधून, म्हणजे राजा रामण्णा केंद्रातून, इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवणाऱ्या यंत्रावर, काम करून निवृत्त झालो. केंब्रिजचे गणिती पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जॉन पोल्किंगहॉर्न पुढे ख्रिस्ती धर्मगुरू झाले आणि त्यांनी विज्ञान व ईश्वरशास्त्र यांवर पुष्कळ लिहिले, असे कळले. विज्ञानाला उत्तर सापडत नाही तेथे देवाला बसवायचे, असाच हा प्रकार आहे काय? — एक वाचक, इंदूर

उत्तर : ज्या युक्तिवादाची शंका आपल्याला आली, तो पोल्किंगहॉर्न यांनी स्वतःच ठामपणे नाकारला होता, कारण आजचे कोडे उद्या सुटले की अशा देवाला तेथून उठावे लागते. त्यांनी १९७९ मध्ये प्राध्यापकपद सोडले आणि १९८२ मध्ये अँग्लिकन चर्चमध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली, ती विज्ञानावरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे.

त्यांचा सारा भर विज्ञानाला जे कळते त्यावर आहे. भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये कागदावर मांडलेल्या समीकरणातून प्रतिइलेक्ट्रॉनचे, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्याच पण धनभारित कणाचे, भाकीत निघाले आणि १९३२ मध्ये तो कण खरोखरच सापडला. माणसाने मांडलेले गणित निसर्गाला इतके तंतोतंत का लागू पडावे? इंडस-२ मधला इलेक्ट्रॉनांचा झोत गणिताबरहुकूम फिरताना आपण रोज पाहिला आहे, त्यामुळे या प्रश्नाचे वजन आपल्याला अधिक जाणवेल. विज्ञान ही संगती गृहीत धरून पुढे जाते. पोल्किंगहॉर्न तेथेच थांबून तिचे कारण विचारतात. त्यांचे किटलीचे उदाहरण प्रसिद्ध आहे : पाणी उकळते ते खाली गॅस पेटला आहे म्हणून, आणि कोणाला तरी चहा हवा आहे म्हणूनही. दोन्ही उत्तरे खरी आहेत.

त्यांच्या लेखनातला एक भाग मात्र मला पटत नाही. केऑस सिद्धान्तात सुरुवातीच्या स्थितीतला सूक्ष्म फरक पुढे प्रचंड होतो, म्हणून भाकीत करता येत नाही. त्या अनिश्चिततेत ईश्वरी कृतीला वाव असावा, असे ते सुचवतात. परंतु केऑसची समीकरणे पूर्णतः नियत असतात, म्हणजे सुरुवातीची स्थिती ठरली की पुढचे सारे ठरते, आणि अडचण येते ती आपल्या मोजमापाची. भाकीत न होणे हे सृष्टीच्याच खुलेपणाचे लक्षण मानावे, हे त्यांचे उत्तर प्रामाणिक असले, तरी विज्ञानाला उत्तर न सापडलेल्या ज्या पोकळीत देवाला बसवण्यापासून ते दूर राहू इच्छितात, तिच्या फार जवळ जाते.

सुरुवात ‘क्वार्क्स, केऑस अँड ख्रिश्चॅनिटी’ (१९९४) या छोट्या पुस्तकाने करावी आणि केऑसविषयीच्या विवेचनावरचे आपले मत आम्हांला अवश्य कळवावे.